प्रतिसाद: मीटिंगला ओळखीचं कोणी भेटलं तर?

भाऊजी एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला जायला तयार आहेत, पण ओळखीचं कोणी दिसेल म्हणून अडलेत, असं ताई तुम्ही लिहिलंय. अहो, दिसलंच तर तोही त्याच कामासाठी आलेला असणार ना! तिथे आडनाव विचारत नाहीत, फी नाही, रजिस्टर नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. आपल्या नागपुरात धरमपेठेतले लोक मुद्दाम लांबच्या ग्रुपला जातात, त्यातही काही वावगं नाही. तुम्हाला सोबत जायचं असेल तर 'ओपन' (कोणीही येऊ शकतं अशी) मीटिंग कधी असते ते आधी विचारा. 'क्लोज्ड' फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी, त्यात घरच्यांना बसता येत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो.

वरच्या एका प्रतिसादात 'दारू घरीच एकदम बंद करा' असं सुचवलंय, ते मात्र अजिबात नको. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो. आधी मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटलच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवा. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याच्या पार्ट्यांचं आमंत्रण येईलच, त्या दिवसाची मीटिंग आत्ताच हेरून ठेवा.