सगळे कुरव (किनाऱ्यावरचे गल पक्षी) सारखेच दिसतात, ओळखायचे कसे?

प्रश्न:
किनाऱ्यावरच्या पक्षी निरीक्षण केंद्रात सलग तीन सकाळी जाऊन बसले. शेजारचे काका स्कोपला (तिवईवरच्या दुर्बिणीला) डोळा लावून "ब्लॅक-हेडेड, ब्लॅक-हेडेड, ब्राउन-हेडेड..." अशी कुरवांच्या जातींची हजेरी घेत होते. मला सगळेच पांढरे. लाल पाय, लाल चोच, कानामागे काळा ठिपका. वहीत तीन पानं नुसतं 'कुरव, जात?' काकांना विचारायची लाज वाटली, म्हणून इथे विचारतेय.

प्रतिसाद १:
लाज कसली, माझी पहिल्या हिवाळ्याची वही अशीच आहे. डोकं बघूच नका. हिवाळ्यात ब्लॅक-हेडेड, ब्राउन-हेडेड दोघांचंही डोकं पांढरं पडतं आणि तो कानामागचा ठिपकाही दोघांना असतो. पंख उघडायची वाट बघा. ब्लॅक-हेडेडच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरीशुभ्र, पाचर मारल्यासारखी, लांबूनही कळते. ब्राउन-हेडेडचं टोक काळं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. बसलेला असेल तर डोळा बघा: ब्राउन-हेडेडचं बुबुळ फिकट, त्यामुळे सदा चिडल्यासारखा दिसतो. ब्लॅक-हेडेडचा डोळा गडद. पण हे झालं प्रौढांचं. पहिल्या वर्षाच्या ब्राउन-हेडेडचा डोळाही गडद असतो आणि टोकात ठिपके नसतात. असल्या पोरांना मी दोन वर्षं बिनदिक्कत ब्लॅक-हेडेड लिहीत होतो! मोठ्या कुरवांच्या नादी एवढ्यात लागू नका. त्यांना प्रौढ पिसारा यायला चार वर्षं लागतात, तोवर दर वर्षी वेगळा अवतार.

प्रतिसाद २:
स्कोप ६० पटीवर नेऊन बसला नाहीत ना? ३०च्या आसपास ठेवा, नाहीतर पाण्यावरची हवाच थरथरताना दिसेल. वारा समुद्राकडून असेल तो दिवस चुकवू नका, शिअरवॉटर आणि स्कुआ हे खुल्या समुद्रातले पक्षी तेव्हाच जवळ येतात. सुरय (कुरवांसारखेच, पण सडपातळ टर्न पक्षी) एकदम ओरडत वेडीवाकडी वळणं घ्यायला लागले की मागे स्कुआ शोधायचा. सुरय चोचीतला मासा टाकेपर्यंत तो पिच्छा सोडत नाही.

प्रतिसाद ३:
पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेली कडी दिसली तर त्यावरचा क्रमांक टिपा, त्यावरून त्याचं वय कळू शकतं. उत्तर आयर्लंडच्या कोपलँड बेटावर १९५३ साली कडी घातलेला मँक्स शिअरवॉटर २००३ मध्ये पुन्हा हाती लागला होता. कडी घातली तेव्हाच तो प्रौढ होता!

प्रश्नकर्ती:
आज एक कुरव समोरच्या कठड्यावर येऊन बसला. बुबुळ फिकट. उडाला तेव्हा काळ्या टोकात दोन ठिपके स्वच्छ दिसले. काकांच्या आधी मी "ब्राउन-हेडेड" म्हणून मोकळी झाले. काका स्कोपमधून डोळा न काढता म्हणाले, "हं."