‘गेन’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘आवाज वाढवा’ म्हणजे नेमकं काय वाढवा?

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात साउंडचं काम माझ्याकडे असतं. मंडळाचा आठ चॅनलचा पॉवर्ड मिक्सर (आवाज वाढवणारा ॲम्प त्याच्या पोटातच), दोन बाजूंना दोन साधे बॉक्स आणि महाराजांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्या पायाशी एक ॲम्पवाला मॉनिटर, एवढा सगळा संसार. दहावी-अकरावीची तीन मुलं हाताशी घेतली आहेत. मिक्सरवरचं लिखाण इंग्रजीत, तेही निम्मं तोडलेलं. म्हणून बटणांच्या प्रत्येक ओळीखाली पांढरी चिकटपट्टी लावून मराठीत लिहायला बसलो. फेडर (एकेका माइकचा आवाज कमी-जास्त करणारा), मास्टर (सगळ्यांचा मिळून), मॉनिटर तसेच ठेवले, मुलं तेच म्हणतात. अडलो सगळ्यात वरच्या, माइकचा आवाज आत घेतानाच वाढवणाऱ्या बटणापाशी. गेन.

मुलं त्याला ‘वरचा आवाज’ म्हणतात आणि फेडरला ‘खालचा आवाज’. या दोन नावांनी गेल्या सप्ताहात तिसऱ्या दिवशी काय झालं ते सांगतो.

कीर्तन रंगात आलं होतं. बॉक्सपुढे बसलेल्या एका आजोबांनी कानावर हात ठेवले. महाराज म्हणाले, “आवाज जरा कमी करा.” मुलानं महाराजांच्या माइकचा गेन खाली घेतला. बाहेरचा आवाज उतरला, तिथवर ठीक. पण गेन हे माइकनंतरचं पहिलं बटण. तिथं कमी केलं की पुढं सगळीकडेच कमी होतं, मॉनिटरमध्येसुद्धा. मागं वीस टाळकरी, आणि महाराजांना स्वतःचंच ऐकू येईना. ते ताण देऊन म्हणू लागले. दोन मिनिटांनी म्हणाले, “अहो, आवाज द्या.” आता मुलानं मास्टर वर नेला. त्याबरोबर टाळकऱ्यांचे दोन्ही माइक आणि मृदंगाचे दोन्ही माइक असे सगळेच चढले, आणि शिट्टी बसली. अभंगाच्या मधोमध महाराज थांबले. मुलगा घामाघूम झाला.

मला त्याच्यात त्याची चूक दिसत नाही. पहिला ‘आवाज’ होता लोकांकडे जाणारा, दुसरा होता ‘माझा मला’. दोन्हींना आपल्याकडे शब्द एकच. ‘तिचा आवाज गोड आहे’, ‘कसला आवाज झाला?’, ‘आवाज करू नका’, ‘टीव्हीचा आवाज वाढव’ या चार वाक्यांत चार अर्थ आहेत. घरात ते आपोआप कळतात. मिक्सरपाशी कळत नाहीत, कारण तिथं ‘आवाज’ कमी करायच्या जागा एका चॅनललाच तीन-चार असतात.

तेव्हा पट्टीवर गेनच्या खाली काय लिहू?

प्रतिसाद, पुण्याहून

नाटकांच्या प्रयोगांना बरीच वर्षं साउंड केलाय. माझं मत, गेनला गेनच म्हणा. मुलं मोबाइल म्हणतात, चार्जर म्हणतात, त्यांना गेन जड जाणार नाही. शब्द बदलण्यापेक्षा कृती शिकवा. आमच्यात ‘लेव्हल घेणं’ म्हणतात. मृदंगवाल्याला सांगायचं, खऱ्या कीर्तनात मारणार तेवढ्या जोरानं मारा. तो वाजवत असताना गेन चढवत जायचा. लाल दिवा लुकलुकायला लागला की थोडं मागं यायचं, आणि मग त्या बटणाला कीर्तन संपेपर्यंत हात लावायचा नाही. पुढचं सगळं काम फेडरवर.

मात्र बिघाडांसाठी मराठीतच बोला, कारण तिथं आपले शब्द फार नेमके आहेत. गेन जास्त झाला की आवाज ‘फाटतो’. कापड फाटावं तसाच तो ऐकू येतो. बेस जास्त असेल तर ‘घुमतो’ आणि ट्रेबल जास्त असेल तर ‘चिरकतो’. माइक तोंडापासून लांब असेल तर आवाज ‘पोकळ’ येतो. माझ्याबरोबरचे जुने लोक एवढ्यावरूनच कुठलं बटण फिरवायचं ते ओळखायचे.

आणि शिट्टीबद्दल एक. बॉक्सचा आवाज परत माइकमध्ये शिरून ओरडा होतो तो फीडबॅक, पण प्रत्येक फीडबॅक शिट्टी नसतो. मुलांना तो कुठल्या स्वराचा आहे ते ऐकायला शिकवा. मोठा बॉक्स हुंकारल्यासारखा ‘ऊऽऽ’ करत असेल तर तो साधारण २५० हर्ट्‌झच्या आसपास असतो. ‘ओ’ ५०० च्या जवळ, ‘आ’ १००० च्या, ‘ए’ २००० च्या आणि कानात सुई घुसल्यासारखा ‘ईऽऽ’ ४००० च्या जवळपास. पॉवर्ड मिक्सरवर जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करणारा सात पट्ट्यांचा इक्वलायझर असतो ना, त्यावर बहुतेक वेळा १२५, २५०, ५००, १ के, २ के, ४ के, ८ के असेच आकडे असतात. म्हणजे ऊ-ओ-आ-ए-ई हे मधले पाच दांडे झाले. ज्या स्वराचा ओरडा, तो दांडा थोडा खाली. अंदाज आहे हा, पण अंधारात चाचपडण्यापेक्षा कितीतरी बरा. पट्टीवर त्या दांड्यांखाली हे स्वर लिहून टाका.

मूळ लेखक

स्वर आजच लिहिले! मुलांना घेऊन रिकाम्या मंडपात माइक मुद्दाम बॉक्ससमोर हळूहळू चढवला आणि विचारलं, कुठला? पहिल्या वेळी तिघांनी तीन उत्तरं दिली, पाचव्या वेळी तिघंही ‘ए’ म्हणाले, आणि २ केचा दांडा खाली घेतल्यावर तो ओरडा खरंच बसला. मनापासून आभार.

गेनबद्दल मात्र पटत नाही. चार्जर म्हटलं की वस्तू डोळ्यांपुढे येते. गेन म्हटलं की काहीच येत नाही, म्हणून तर मुलं ‘वरचा आवाज’कडे वळली.

प्रतिसाद, सांगली जिल्ह्यातून

आमच्याकडे म्हणतात, ‘हा माइक लांबचं उचलतो’, ‘हा माइक उचलतच नाही’. मग गेनला ‘उचल’ का नको? मी शेतकरी आहे, मला तर मिक्सर पाण्यासारखाच दिसतो. विहिरीतून पाणी उचलायचं, पाटात सोडायचं, आणि मग दारं धरायची. कुठल्या वाफ्याला किती, हे दारावर ठरतं. मोटारीनं किती उचललं हा एक हिशेब, आणि दार किती उघडलं हा दुसरा. उचललंच कमी तर दार मोकळं सोडूनही वाफा कोरडा राहणार. उचललं जास्त तर पाट फुटणार, तेच तुमचं ‘आवाज फाटणं’. फेडर म्हणजे दार.

मूळ लेखक

हे वाचून उठून उभा राहिलो. ‘माइक उचलतो’ मीही रोज म्हणतो, पण त्याच्यातून नाम काढायचं सुचलं नाही.

आणि तुमच्या पाटात माझ्या मॉनिटरची अडचणसुद्धा सुटते. आमच्या मिक्सरवर मॉनिटरचं बटण फेडरच्या आधी आवाज घेतं, म्हणजे प्री-फेडर. मोठ्या पाटाला दाराच्या अलीकडेच एक पोटचारी फोडलेली असावी तसं. दार बंद केलं तरी पोटचारी वाहत राहते, पण उचल कमी केली की दोन्हीकडचं पाणी आटतं. त्या दिवशी मुलानं दार लोटायला हवं होतं, त्यानं मोटारच मंद केली. एकोचं बटण पोस्ट-फेडर आहे, म्हणजे दाराच्या पलीकडची चारी. फेडर खाली घेतला की एकोकडे जाणारंही आपोआप थांबतं. प्री आणि पोस्ट मुलांना दोन वर्षं समजावतोय. ‘दाराच्या अलीकडची’ आणि ‘दाराच्या पलीकडची’ म्हटल्यावर एका संध्याकाळी समजलं.

प्रतिसाद, नगरकडून

एक हरकत. आमच्या भागात ‘उचल’ म्हणजे ऊसतोडणीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम. शब्दामागे फेडायचं ओझं आहे. लहान मुलांनी हा शब्द घरात त्याच अर्थानं ऐकलेला असतो.

मूळ लेखक

तुमचं म्हणणं मनाला लागलं. आमच्याकडच्या एका मुलाचे आईवडीलही दर हंगामात जातात. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, “शब्द दोन्हीकडं चालतो की, घेतली तेवढीच घ्यावी, जास्त घेतली की अंगावर येते.” मी पट्टीवर ‘उचल’ लिहिलं ते त्याच्या हातूनच लिहवून घेतलं.

प्रतिसाद, भौतिकशास्त्र शिकवणारा

छापील मराठीत अॅम्प्लिफायरला विवर्धक म्हणतात, चांगला शब्द आहे, पण मंडपात कोणी वापरत नाही. ‘ध्वनिक्षेपक’ या शब्दाचा गोंधळ मात्र वाढलाय. कुणी माइकला ध्वनिक्षेपक म्हणतं, कुणी बॉक्सला. बातम्यांतही दोन्ही अर्थ दिसतात. आवाज ‘फेकतो’ तो बॉक्स, माइक तो गोळा करतो. त्यामुळे माझं मत, माइकला माइकच राहू द्या, आणि बॉक्सला ध्वनिवर्धक म्हणायचं असेल तरी वाढवायचं काम मधला ॲम्प करतो हे ध्यानात ठेवा. कर्णा आणि भोंगा हे शब्द त्यापेक्षा खरे आहेत: कर्णा म्हणजे मुळात फुंकून वाजवायचं लांब धातूचं वाद्य, आकारावरून नाव आलं, आणि भोंगा गिरणीचा, तो दुरून ऐकू जावा म्हणूनच असतो.

तुम्ही ‘साधे बॉक्स’ आणि ‘ॲम्पवाला मॉनिटर’ लिहिलंत ते फार आवडलं. ॲक्टिव्ह आणि पॅसिव्हचं भाषांतर सक्रिय आणि निष्क्रिय करतात, आणि निष्क्रिय बॉक्स म्हणजे बंद पडलेला असं वाचणाऱ्याला वाटतं.

मूळ लेखक

‘पॉवर्ड’ हा शब्दही असाच फसवतो, आणि त्याची किंमत आम्ही मोजलीय. मिक्सर पॉवर्ड म्हणजे ॲम्प मिक्सरच्या पोटात, बॉक्स साधे. बॉक्स पॉवर्ड म्हणजे ॲम्प बॉक्सच्या पोटात, मिक्सर साधा. दोघांच्याही पोटात ॲम्प, आणि एकाचा पॉवर आउट दुसऱ्याच्या इनमध्ये, असं होता कामा नये. आमच्या मिक्सरवर ‘स्पीकर आउट’ आणि ‘मॉनिटर आउट’ शेजारी शेजारी, दोन्हींना तीच मोठ्या जॅकची भोकं. एका वर्षी घाईत स्पीकर आउटमधली वायर ॲम्पवाल्या मॉनिटरच्या इनला गेली. माइकमधून येतो तो काही मिलिव्होल्टचा आवाज. लाइन आउटला, म्हणजे आमच्या मॉनिटर आउटसारख्या ॲम्पच्या आधीच्या भोकाला, तो एखाद्या व्होल्टच्या आसपास असतो. आणि १०० वॉट ८ ओहमच्या बॉक्सवर काढायचे तर स्पीकर आउटला जवळपास २८ व्होल्ट लागतात. एक बारीक ‘टक्’ ऐकू आला, करपलेला वास आला, आणि मॉनिटर दुरुस्तीला गेला. दोन्ही भोकांखाली इंग्रजीत ‘आउट’च लिहिलेलं होतं. आता लाल पट्टीवर लिहिलंय ‘फक्त साध्या बॉक्सला’, आणि निळ्यावर ‘ॲम्पवाल्याला’.

वायरीचंही तेच. माइकची जाळीवाली वायर आणि बॉक्सची जाड दोन तारांची वायर, दोन्हींच्या टोकाला जॅक सारखाच असू शकतो. दुकानात त्याला पी-३८ म्हणतात. पातळ जाळीवाली वायर बॉक्सला लावली तर ती गरम होते आणि ॲम्पवर ताण येतो. तीन पिनांच्या माइक कनेक्टरला सगळे ‘कॅनन’ म्हणतात, तो ज्या अमेरिकन कंपनीनं बनवला तिचं नाव आपल्याकडे वस्तूलाच चिकटलं. हा शब्द बदलायची मला गरज वाटत नाही.

‘ओहम’ला, म्हणजे बॉक्स वीज किती अडवतो त्या मापाला, मात्र काही सुचवा. मुलं म्हणतात ८ आणि ८ सोळा. एका आउटला दोन बॉक्स समांतर जोडले की ८ चे ४ होतात, तिसरा लावला की साधारण २.७. आमच्या मिक्सरवर ‘किमान ४’ लिहिलंय. आकडा उतरतो तसा ॲम्पवरचा भार चढतो, हे उलटं गणित त्यांना पचत नाही.

प्रतिसाद, सांगली जिल्ह्यातून

पुन्हा पाटावरच या. एकाच मोटारीवर जितकी दारं उघडाल तितकं जास्त पाणी ओढलं जाणार. ओहम म्हणजे दाराची ‘आड’ समजा. दोन दारं शेजारी उघडली की आड निम्मी झाली, आणि मोटार दुप्पट ओढायला लागली.

प्रतिसाद, महिला भजनी मंडळातून

मी मिक्सर चालवत नाही, माइकसमोर गाते. मला ‘आवाज’पेक्षा ‘एको’बद्दल बोलायचंय. बहुतेक साउंडवाले एको म्हणजे गोडवा असं समजतात. अभंगाला तो शोभतो. निरूपणाला तोच एको राहिला तर शब्दांची शेपटं एकमेकांत गुंततात आणि मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या माणसांना ‘ज्ञानदेव म्हणे’च्या पुढचं काही कळत नाही. मराठीत ‘घुमणं’ आणि ‘गुंजणं’ वेगळं आहे. मंदिराच्या गाभाऱ्यात आवाज घुमतो, तंबोऱ्याची जवारी गुंजते. आम्हाला गुंजणं हवं असतं आणि मिळतं घुमणं.

दुसरं, आमच्याआधी पुरुषांचं भजन झालेलं असतं आणि बेस-ट्रेबलची बटणं तशीच ठेवून माइक आमच्या हातात देतात. मग म्हणतात, ताई तुमचा आवाज चिरकतो. आवाज चिरकत नाही, बटण चिरकतं. आमच्यासाठी वेगळी लेव्हल घ्या, एवढंच मागणं आहे.

मूळ लेखक

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि मीही हे केलेलं आहे. यंदा बायकांचं भजन दुपारी आहे, त्याआधी अर्धा तास तुमच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येकीची लेव्हल घेणार. एकोच्या बटणाखाली ‘अभंग – चालू / निरूपण – बंद’ लिहिलं. आमच्या मिक्सरला एको बंद करायला पायानं दाबायचा स्विच लावता येतो, तो चालवायचं काम सगळ्यात लहान मुलाला दिलंय. त्यासाठी त्याला कीर्तन नीट ऐकावंच लागेल.

पट्टी आता अशी झालीय: सगळ्यात वर ‘उचल’, मग ‘ट्रेबल, मिड, बेस’ तसेच, मग ‘मॉनिटर’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘दाराच्या अलीकडून’, मग ‘एको’, आणि खाली फेडरवर चॅनलप्रमाणे ‘महाराज, पेटी, मृदंग डावा, मृदंग उजवा, टाळ १, टाळ २, वीणा’. आठवा रिकामा, सूत्रसंचालनासाठी. मास्टरखाली लिहिलंय ‘चालू-बंद करताना शून्यावर’, कारण पोटातच ॲम्प असल्यामुळे बटण दाबताच बॉक्समधून धप्पकन आवाज येतो.

महाराजांनाही विनंती केलीय, की नुसतं ‘आवाज द्या’ म्हणू नका, ‘मला द्या’ किंवा ‘लोकांना द्या’ म्हणा. ते हसून हो म्हणाले. काल तालमीला पेटीवाले काका म्हणाले, “मला माझा द्या रे थोडा,” आणि मुलानं न विचारता मॉनिटरचं बटण धरलं.

अजून एक जागा रिकामी आहे, ‘म्यूट’ची. ‘गप्प’ लिहावं असं एक मुलगा म्हणतोय, ‘मिट’ असं दुसरा. डोळे मिटतात, तोंड मिटतं, मग माइक का नाही, असं त्याचं म्हणणं. तुम्ही काय लिहिलं असतं?