आरव्ही घेऊन शहरातून डोंगरात, ३ रात्रींचा प्लॅन, सल्ला हवाय

पाऊलखुणा:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच आरव्ही (आत बेड, स्वयंपाकाचा ओटा, संडास असलेली राहायची गाडी) भाड्याने घेतोय, म्हणजे पैसे अजून भरले नाहीयेत, तारीख फक्त धरून ठेवलीये, म्हणून त्याआधी तुम्हाला विचारून घेतो. आम्ही ५ जण, मी, बायको, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ ची आणि माझी आई, वय ७१, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. शहर जवळपास समुद्रसपाटीला आणि जायचंय तिथली उंची २४०० मीटर. अंतर २८० किमी, त्यातले शेवटचे ९० किमी घाट. गाडी २५ फुटी, ड्रायव्हरच्या केबिनच्या डोक्यावर झोपायचा बंक असतो ती.

प्लॅन असा आहे: शुक्रवारी ऑफिस सुटलं की ६ वाजता गाडी ताब्यात घ्यायची, तसंच निघायचं, रात्री ११-१२ पर्यंत वर. मुलं आणि आई मागे बेडवर झोपून येतील. शनिवार-रविवार वरच्या भागातच २०० किमीचा एक फेरा आणि सोमवारी दुपारी खाली. मोठी गाडी कधी चालवली नाही पण कार २० वर्षं चालवतोय. आईला फार वर्षांनी डोंगर बघायचाय, हॉटेल म्हटलं की जिने आले, रोज सामान भरा-उपसा आली, म्हणून आरव्ही. पाणी किती न्यायचं, रात्रभर हीटर चालेल का, वीज नसलेल्या कॅम्पसाइटवर राहणं झेपेल का, हे मुख्य प्रश्न.

चौथा_गिअर:
प्रश्न चांगले आहेत पण खरी काळजीची गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीये. घाट चढायचा कसा हे सगळे विचारतात, उतरायचा कसा हे कोणीच विचारत नाही.

माझ्या पहिल्या ट्रिपची गोष्ट सांगतो. २४ फुटी गाडी, वर जाताना काही त्रास नाही, इंजिन ओरडत होतं एवढंच. उतरताना मी कारसारखाच पाय ब्रेकवर हलका ठेवून चाललो होतो, सलग २०-२५ मिनिटं. आधी वास आला, जळक्या रबरासारखा पण त्याहून उग्र, बायको म्हणाली बाहेरून येतोय. पुढच्या वळणाला पॅडल दाबलं तर ते नेहमीपेक्षा खूप खाली गेलं, आत काही नसल्यासारखं मऊ. नशिबाने वळणापलीकडे थांबायला मोकळी जागा होती. खालचा गिअर टाकून कशीबशी तिथे घेतली. पुढच्या चाकातून धूर निघत होता. ५० मिनिटं थांबलो, मुलं गाडीपासून लांब दगडावर बसवली होती आणि मी काहीच बोलू शकत नव्हतो.

कारण साधं आहे. भरलेली आरव्ही ५ टनांच्या आसपास जाते, कारच्या तिप्पट-चौपट, आणि ब्रेक सतत घासत राहिला की ती सगळी उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पण हवेतला ओलावा शोषलेलं जुनं ऑइल १४० लाच उकळायला लागतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि मग पाय नुसताच खाली जातो.

त्यामुळे उतार सुरू व्हायच्या *आधी* वेग कमी करा, खालचा गिअर टाका (ऑटोमॅटिक असली तरी २ किंवा एल असतो, काहींना टो-हॉल बटन असतं, गाडीला खालच्या गिअरवर धरून ठेवणारं, ते दाबा), इंजिनलाच गाडी धरू द्या. आरपीएम वाढतात, आवाज येतो, येऊ दे. ब्रेक मारायचा तो नीट जोर देऊन मारायचा, ८-१० किमीने वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा. ठेवून द्यायचा नाही. जुने ड्रायव्हर म्हणतात ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ते खरंच आहे. आणि वास आलाच तर थांबा, चाकाला ठोकळे लावा, गरम ब्रेकवर पाणी ओतू नका, डिस्क तडकू शकते.

डोंगरवेडी:
वरच्याला +१. आणि दादा, कृपा करून रात्रीचं निघू नका. ६ ला गाडी हातात येईल म्हणता, पण नुसतं समजून घ्यायलाच दीड तास जातो. गॅस कुठून बंद होतो, पंपाचं बटन कुठे, टाक्यांच्या झडपा कुठल्या बाजूला. तो माणूस भराभरा सांगतो आणि आपण मान डोलावतो, रात्री अंधारात काही आठवत नाही. सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, तो बोलत असतानाच. बाहेरचे ओरखडे पण त्यातच येतात, परत देताना वाद नको.

दुसरं, आई आणि मुलं बेडवर झोपून नाही. गाडी चालू असताना प्रत्येकाला सीट आणि बेल्ट. बेड हे फर्निचर आहे, ते गाडीचं सीट नाही. माझ्या दिराने एकदा जोरात ब्रेक मारला तर मागच्या बेडवरची बॅग थेट स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आली होती, त्या जागी माणूस असता तर. म्हणून बुकिंगच्या आधी विचारा, झोपायच्या जागा किती हे नाही, बेल्टच्या सीट किती. झोपायला ६ असतात आणि बेल्ट ४ च असं बऱ्याच गाड्यांत असतं. आणि मुलगी ६ वर्षांची म्हणजे बूस्टर (मुलाला उंच बसवणारी जादा सीट) लागेल, तो त्या सीटवर बसतो का तेही.

पाऊलखुणा:
बाप रे. आत्ताच फोन करून विचारलं, बेल्ट ५ आहेत, पण त्यातल्या एकाला फक्त कमरेचाच पट्टा आहे. थँक्यू ताई, हे डोक्यातच आलं नसतं.

डोंगरवेडी:
मग बूस्टर त्या सीटवर नको, त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो. तिथे मोठं माणूस बसवा.

निवांत_वाट:
प्लॅनचं बोलतो. पहिली रात्र वर नकोच. शुक्रवारी गाडी घ्या आणि शहराबाहेर ४०-५० किमीवर, सपाटीला, वीज-पाण्याची जोडणी असलेली जागा बघून तिथे मुक्काम करा. काही विसरलं तर दुकानं जवळ, काही बिघडलं तर गाडीवालाही जवळ. पहिल्या रात्री एकदा हीटर लावून बघा, पाणी गरम करून बघा, बेड लावा. घरी गादी टाकतो तसं नसतं ते, प्रत्येक फळी कुठेतरी अडकते.

शनिवारी सकाळी निघा, १२००-१४०० मीटरवर मुक्काम. रविवारी वर. ३ रात्रींत २०० किमीचा वेगळा फेरा बसतच नाही, तो सोडून द्या. आरव्हीत ताशी सरासरी कारपेक्षा बरीच कमी पडते, घाटात ३० चा स्पीड मिळाला तरी खूप. अंतर मोजू नका, चालवायचे तास मोजा, दिवसाला ४ च्या वर नको आणि अंधाराआधी २ तास पार्क झालेलं हवं. डोंगरात सूर्य शिखरामागे लवकर जातो, पंचांगातला सूर्यास्त तिथे कामाचा नाही.

आईंसाठीही हेच बरं. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे जास्त दिसतो, पण काहींना त्याखालीही डोकं दुखणं, झोप न लागणं होतं. मध्ये एक रात्र थांबलं की शरीराला सवय होते. डॉक्टरांना आधी विचारून घ्या, गोळ्या हातातल्या पर्समध्ये, मागच्या कपाटात नाही.

टाकी_फुल्ल:
पाण्याचं मी सांगतो. १ लिटर म्हणजे १ किलो. १५० लिटरची टाकी भरून घाट चढवणं म्हणजे दोन धडधाकट माणसं फुकट वर नेणं आणि तेवढाच भार परत ब्रेकवर. वरच्या जागेत नळ आहे का ते आधी विचारा, असेल तर एक तृतीयांश भरून निघा. गाडीच्या दारात आतल्या बाजूला किती वजन लादता येतं त्याचं स्टिकर असतं, त्यात माणसं, पाणी, सामान सगळं येतं का ते बघा.

घाण पाण्याच्या दोन टाक्या असतात, संडासाची ब्लॅक आणि बेसिन-आंघोळीची ग्रे. मुक्कामाला असताना ब्लॅकची झडप बंदच ठेवा, पाइप जोडलेला असला तरी. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं आणि बाकीचं खाली ढिगासारखं साचतं, मग ते काढताना जे हाल होतात ते लिहिण्यासारखे नाहीत. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे न्या.

सांजवेळ:
हीटरबद्दल. १००० मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे शहरात २८ असेल तर वर दुपारीच १२-१३ आणि रात्री शून्याच्या जवळपास जाऊ शकतं. हीटर गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर, हे लोक विसरतात. वीज नसलेल्या जागी रात्रभर पंखा फिरला तर पहाटे ४ ला बॅटरी बसते, आणि मग गॅस भरलेला असूनही सगळे गारठलेले. आमचं असंच झालं होतं. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर निम्म्याच्या खाली उतरवू नका, मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी. झोपताना हीटर १५-१६ अंशांवर सेट करा आणि पांघरुणं जास्त न्या. आई असल्यामुळे मी तर म्हणेन निदान वरच्या मुक्कामाला वीज जोडणी घ्याच.

आणि शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. गाडीत त्याचा अलार्म असतो, टेस्टचं बटन दाबून आवाज येतो का बघा, मागे तारीख असते, मुदत संपलेली नको.

पाऊलखुणा:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लॅन बदलला. शुक्रवारी शहराबाहेर ४५ किमी, शनिवारी १३०० मीटर, रविवारी वर, सोमवारी सकाळी ८ ला उतरायला सुरुवात. फेरा रद्द. दोन्हीकडे वीज आहे, डॉक्टरही हो म्हणाले. अजून काही?

चौथा_गिअर:
मस्त. आता तीन बारीक गोष्टी. एक, गाडीची उंची आणि लांबी विचारून पट्टीवर ठळक लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. मोबाइलचा नकाशा तुम्हाला कार समजतो आणि बुटक्या पुलाखालून नेतो. दोन, मागच्या चाकांच्या मागे ७-८ फूट गाडी असते, उजवीकडे वळलात की मागचं टोक डावीकडे झुकतं. रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास वळवून बघा, रिव्हर्सला मागे कोणीतरी उभं राहून फोनवर बोलत राहू दे. तीन, टायर. बाजूला ४ आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. अशा गाड्या उभ्याच जास्त असतात, नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. ६-७ वर्षांपुढचं असेल तर दुसरी गाडी मागा. हवा सकाळी थंड असतानाच तपासा.

चढताना काटा गरमकडे गेला तर एसी बंद आणि हीटर फुल, इंजिनची उष्णता आत ओढली जाते. मागे रांग लागली की जागा बघून बाजूला घ्या, सगळ्यांना जाऊ द्या.

डोंगरवेडी:
निघताना कपाटाची प्रत्येक कडी हाताने ओढून बघा!! सुऱ्या ओट्यावर नकोतच. आणि शाम्पूच्या बाटल्या पिशवीत बांधा, वर हवेचा दाब कमी होतो, झाकण उघडलं की भसकन बाहेर येतं.

पाऊलखुणा:
(११ दिवसांनी) आलो मंडळी, सुखरूप. लिहितो म्हटलं होतं म्हणून.

पहिल्या गाडीचे टायर ८ वर्षं जुने निघाले, दुसरी मागितली, दिली त्यांनी. शुक्रवारी रात्री पंपाचं बटन सापडेना, व्हिडिओ लावला, सापडलं. वर बटाटे उकडायला इतका वेळ लागला, मुलाला सांगितलं की इथे पाणी ९२ अंशालाच उकळतं, तर तो थर्मामीटर मागत बसला.

उतरताना दुसऱ्या गिअरला टाकून ठेवली, इंजिन इतकं ओरडत होतं की आईने दोनदा विचारलं काही बिघडलंय का. ४ वेळा बाजूला घेतली. खाली आल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघितला, कोमट होतं फक्त.

रविवारी पहाटे साडेपाचला जाग आली तर आई उठून टेबलापाशी बसलेली, अंगावर दोन शाली, खिडकीची काच हाताने पुसून बाहेर बघत. समोरच्या शिखराला नुकताच रंग चढत होता. मला म्हणाली, तू झोप, मी बघतेय. पुढच्या वेळी ४ रात्री काढायच्यात, दुसरीकडे कुठे १५०० च्या आसपास सपाट, गुडघ्यांना सोपी अशी फिरायची वाट असलेली जागा माहीत असेल तर सुचवा.