घोडीला घेऊन समुद्राकाठी कॅम्पिंग: रात्री बांधायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे घोडा बाळगणारे कोणी असतील तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय.

माझी ९ वर्षांची घोडी आहे, वजन साधारण ४५० किलो, एरवी शहाणी. मागच्या महिन्यात मी आणि मैत्रीण तिला घेऊन समुद्राजवळ दोन रात्रींच्या कॅम्पिंगला गेलो आणि एका रात्रीतच गाशा गुंडाळून परत आलो. दिवसा काही प्रॉब्लेम नव्हता हो, ओल्या वाळूवरून मस्त चालली, लाटेचा फेस पायाशी आला की आडवी सरकायची पण तेवढं चालतं. वाट लागली ती रात्री.

जागेवाल्यांनी फोनवर "घोडे चालतील की" असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात चालतील म्हणजे काय तर पार्किंगमधला एक दिव्याचा खांब दाखवला आणि म्हणाले बांधा इथे. खांबाला कडेने पत्रा, धारदार. तिथे कसं बांधणार? मग आम्ही तंबूशेजारी लोखंडी खुंटा ठोकला, चांगला हातभर आत गेला, मी स्वतः ओढून बघितला, हलला नाही. पण मी ५५ किलोची आणि ती ४५० ची हा हिशोब डोक्यात आलाच नाही. रात्री ११ च्या सुमाराला कुणाच्या तरी तंबूचं कापड फडफडलं, ती दचकली, एक हिसका आणि खुंटा अलगद बाहेर. पुढचं दृश्य अजून डोळ्यासमोर आहे, ती पळतेय, दोरीला लटकलेला खुंटा तिच्या मागून उड्या मारत येतोय, आणि ती त्यालाच घाबरून अजून जोरात पळतेय. नशीब की दोरी एका झुडपात अडकली. मागच्या पायाला खरचटलं तेवढ्यावर निभावलं.

त्यात पाणी पीत नव्हती. बादलीत तोंड घालायची, नाकपुड्या फुगवून वास घ्यायची, वरचा ओठ जेमतेम भिजवायची आणि मान फिरवायची. तिथल्या पाण्याला क्लोरीनचा वास होता, मलाही येत होता. घरी २५-३० लिटर सहज पिते, तिथे संध्याकाळपासून सकाळपर्यंत अर्धी बादलीपण नाही. पोटशूळाच्या भीतीने मी रात्रभर तिच्या पोटाला कान लावून बसले होते.

तर प्रश्न असे की वाळूत रात्री सुरक्षित बांधायचं कसं? जुने लोक आगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना बांधायच्या दोऱ्या) लावायचे म्हणतात, पण मला मागचे पाय बांधायची हिंमत नाही. इलेक्ट्रिक फेन्सचं पोर्टेबल किट घ्यावं का? आणि पाण्याचं काय करता? परत जायचंय, पण यावेळी नीट.

प्रतिसाद १

खुंटा विसरा. वाळूत खुंटा धरतच नाही, कितीही खोल घाला. आम्ही दावण बांधतो, पण उंचावर. दोन मजबूत झाडं बघायची, त्यांच्यामध्ये जाड दोर आडवा ताणायचा, घोड्याच्या डोक्याच्या वर, म्हणजे ७ फूट तरी. झाडाला दोर थेट नको, रुंद पट्टा लावा, नाहीतर साल कापते आणि जागेवाला पुढच्या वेळी उभं करणार नाही. घोड्याची दोरी त्या आडव्या दोराला मधोमध, दोन्ही झाडांपासून लांब, एवढीच सोडायची की तोंड वैरणीपर्यंत पोचेल पण दोरीत पाय अडकणार नाही. गाठ एका ओढीत सुटणारी हवी, आणि ती अंधारात, थंडीने आखडलेल्या बोटांनी सोडून बघा, दिवसा सगळ्यांनाच येते. बांधताना लगाम कधीच नाही, फक्त मोरकी (तोंडात कडी नसलेला डोक्याचा पट्टा).

अगदी किनाऱ्याला झाडंच नसतील तर मुक्काम आत हलवा. समुद्र दिसला पाहिजे हा हट्ट आपला असतो, घोड्याचा नाही.

इलेक्ट्रिक फेन्स चांगली, पण कोरड्या वाळूत अर्थिंग मिळत नाही. मशीन टिकटिक करतं, तारेला झटका मात्र नावापुरता. अर्थचा रॉड ओल लागेपर्यंत खोल घालावा लागतो. आणि ज्या घोड्याला घरी फेन्सची सवय नाही त्याच्यासाठी ती नुसती पांढरी पट्टी, घाबरला की आरपार.

प्रतिसाद २

+१, आणि पाण्याचं सांगते. शक्य असेल तर घरचंच पाणी कॅनमध्ये भरून न्या, निदान पहिल्या रात्रीपुरतं. नाहीतर निघायच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायला लागा, मग तिथल्या पाण्यातही तोच घातला की वास ओळखीचा होतो. साध्या पाण्याची दुसरी बादली शेजारी हवीच. तरी नाही प्यायली तर वैरण भिजवून द्या, तेवढंच पाणी पोटात जातं. मीठ चाटायला ठेवा. समुद्राचं पाणी मात्र अजिबात पिऊ देऊ नका, काही घोड्यांना ती खारट चव आवडते आणि ते घोट घ्यायला लागतात.

तुम्ही वाळूबद्दल विचारलंच नाहीत, मला त्याचीच जास्त भीती वाटते. चंदी (दाणा) तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीत द्या, गवत जाळीत टांगा किंवा खाली रबरी मॅट घाला. जमिनीवर टाकलं की सांडलेला दाणा वेचताना ते वाळूही खातात, ती आतड्यात साठते आणि मग पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं वरून बाहेर येत नाही. परत आल्यावर लीद तपासा: हातमोज्यात ४-५ गोळे आणि पाणी घालून कालवा, मोजा बोटं खाली राहतील असा टांगून १५ मिनिटं थांबा, बोटांत वाळू उतरलेली हाताला लागते. नाही लागली म्हणजे पोटात नाहीच असं मात्र नसतं. इसबगोल देतात बरेच जण, पण ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

आणि कान लावण्यासोबत नाडीही मोजायला शिका. शांत उभा असताना मिनिटाला २८ ते ४४ ठोके नॉर्मल. विश्रांतीत ६० च्या वर राहिले तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन.

प्रतिसाद ३

भरतीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल सकाळी ७ ला मोकळा असलेला पट्टा आज ७ ला मोकळा असेलच असं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी नेहमीच्या खुणेच्या बरंच वर येतं. सुकलेल्या शेवाळाची रेघ दिसते ना, तंबू आणि घोडा दोन्ही तिच्या चांगलं वर. दौड ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवरच, भुसभुशीत वाळूत पायाच्या कंडरा (टेंडन) ताणल्या जातात. आधी तोच पट्टा चालत जाऊन बघून या, खड्डे आणि रुतणारी जागा कळते. परत आल्यावर पाय आणि खोगिराचा पट्टा गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं की घासून जखम होते.

जागेवाल्याला "घोडा चालेल का" विचारू नका, चालेलच म्हणतात. घोडा कशाला बांधायचा, नळ किती लांब, ट्रेलर वळतो का, लीद कुठे टाकायची हे विचारा आणि फोटो मागवा. किनाऱ्यावर घोडा न्यायला परवानगी आहे का तेही बघा, पक्ष्यांच्या किंवा कासवांच्या विणीच्या काळात बरेच ठिकाणी बंदी असते.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार! वाळूचं खरंच डोक्यात नव्हतं, आम्ही गवत सरळ खाली टाकलं होतं. काल मोज्याची टेस्ट केली, करंगळीत चिमूटभर लागली, डॉक्टर उद्या येतायत.

आणि परवा तबेल्याच्या मागे दोन झाडांना दावण बांधून रंगीत तालीम केली. पहिला तासभर ती गोल गोल फिरत होती, मग गवताच्या जाळीकडे वळली. मी बॅटरी घेऊन दर अर्ध्या तासाने बघायला. पहाटे ३ ला गेले तर बाईसाहेब पाय पोटाखाली घेऊन निवांत बसलेल्या, माझ्या बॅटरीनेच वैतागल्या.

आता एकच विचारते, ती बसली तेव्हा दोरी बऱ्यापैकी ताणलेली वाटली. अजून वीतभर सोडू का, की तेवढ्यात पाय अडकायची भीती?