नागपुरात राहून पोरीला आइस हॉकी?

नंदनवनची आई: पोरगी तेरा वर्षांची. रोलर स्केटिंग करायची, आता इनलाइन (एका ओळीत चाकं असलेले स्केट) घेतलेत. जून २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी अल ऐनला आशिया कपचं कांस्य जिंकलं, तेव्हापासून एकच भुणभुण. इथे मे महिन्यात बर्फ दिसतो तो रसवंतीत! तिचे बाबा म्हणतात, काहून वेड लावतेस? यात करिअर असतं का?

जुना स्केटर: ताई, मी देहरादूनच्या रिंकवर एकदा उतरलो होतो. तोल जमला, वेगही आला. थांबायची वेळ आली तेव्हा इनलाइनच्या सवयीने टाचेचा ब्रेक दाबायला गेलो आणि थेट कठड्यावर. बर्फाच्या ब्लेडला ब्रेक नसतो. दोन्ही पाय आडवे करून बर्फ खरवडत थांबायचं. बाकी चाकांवरचं बरंच कामी येतं.

धरमपेठकर: पैशाचं आधी बोला. आपल्या टीममध्ये बहुतेक पोरी लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. अमेरिका-कॅनडात बायकांची पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग सुरू झाली तीच २०२४ मध्ये. कॅनडाची हेली विकेनहायझर बघा: ऑलिम्पिकची चार सुवर्णं, २००३ मध्ये फिनलंडला पुरुषांच्या लीगमध्ये खेळली, आणि निवृत्तीनंतर डॉक्टर झाली. म्हणून म्हणतो, दहावीचा अभ्यास सोडू देऊ नका. खेळू मात्र द्या.

नंदनवनची आई: ब्रेक नसतो हे तिला वाचून दाखवलं, चूकच झाली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन इनलाइनचा ब्रेक काढत बसली आहे.