मरण देखणे करावे का?

कापूसकोंड्या:
दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडसा भागातल्या एका गावी मंडईच्या, म्हणजे तिकडच्या जत्रेच्या, रात्री नाटक पाहिले. पहाटे नायिका मेली, तीही हिरव्या शालूत, जांभळ्या झोतात, ऑर्गनच्या साथीने अख्खे पद म्हणून. मी मूळचा यवतमाळकडचा. आमच्याकडे फवारणीच्या औषधाचा डबा जागेवर आहे ना, हे बायका निजण्यापूर्वी पाहून घेतात. त्या घरातून आलेल्याला हे नटवलेले मरण म्हणजे शुद्ध फसवणूक वाटते.

वर्धाकाठ:
आपल्याच विदर्भाची राजकन्या तुम्ही विसरलात. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात इंदुमती स्वयंवरात रामाचा आजोबा अज याला वरते आणि आठव्यात, नारदाच्या वीणेवरची माळ आकाशातून छातीवर पडताच, उपवनात प्राण सोडते. याहून देखणे मरण कोणते? पण कालिदास तेथे थांबत नाही. अज तिला गृहिणी, सल्लागार, सखी आणि कलांमधली लाडकी शिष्या म्हणून आठवतो, म्हणजे काय काय गेले याची मोजदादच करतो. वसिष्ठांचा उपदेश त्याच्या मनात ठरत नाही; मुलगा लहान म्हणून तो आठ वर्षे कशीबशी काढतो आणि मग गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो. सौंदर्य नसते तर हे नुकसान आपल्याला कळले कसे असते?

पळसपान:
नुकसान अजाचे मोजले. इंदुमतीला मरताना एक शब्दही मिळत नाही. इंग्रज चित्रकार मिलेने 1851-52 मध्ये रंगवलेली, ‘हॅम्लेट’ नाटकातली बुडणारी ऑफेलिया पाहा. त्या चित्रासाठी त्याची मॉडेल एलिझाबेथ सिडल पाण्याने भरलेल्या टबात पडून राहिली, पाणी कोमट ठेवणारे दिवे विझले आणि ती आजारी पडली. चित्रात मात्र फुले तरंगतात. विहिरीतून काढलेले प्रेत ज्याने पाहिले आहे, त्याला ती फुले खटकतातच. शिवाय देखणे प्रेत बहुधा बाईचेच का असावे? हाती न लागणारी बाई मेल्यावर निवांत पाहता येते, म्हणूनच ना?

वर्धाकाठ:
सिडलबद्दल मान्य. पण ‘कुमारसंभवा’त नेमके उलटे आहे. शिवाच्या क्रोधाने प्रत्यक्ष मदन जळतो, आणि रती शुद्धीवर येते तेव्हा तिच्यासमोर जमिनीवर माणसाच्या आकाराची राख तेवढी असते. पुढचा जवळजवळ सगळा सर्ग बाईच बोलते.

कापूसकोंड्या:
ती राख मला पटली, कारण आपल्या शेतातही ती ओळखू येईल. तो शालू अजून पटत नाही. एक गोष्ट मात्र पहिल्यांदा लिहायची राहिली. नाटकात माझ्या मागे एक विधवा शेजारीण पदर तोंडाशी धरून हुंदके देत होती. घरवाला गेला तेव्हा हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हते, हे मी पाहिलेले, म्हणून परतताना जरा आगाऊपणे विचारले. ती म्हणाली, ‘‘तवा रडाले सवड कुठी होती, भाऊ? पोरं होती, बँकवाले येत होते.’’