मदत हवी आहे: पणजोबा गिरणीतून बसऱ्याला गेले, नंतर रेल्वेत लागले. पुढचा माग कसा काढायचा?

शास्त्रीकाठ

नमस्कार मंडळी. शिमग्याला गावी जाते आहे, सुट्टी मोजकीच आहे, म्हणून घाईने लिहिते आहे.

माझे पणजोबा तरुणपणी मुंबईला गिरणीत गेले. तिथून लढाईवर बसऱ्याला. परत आले आणि रेल्वेत लागले. त्यानंतर घराशी संबंध तुटला. आजोबांना त्यांच्या मामांनी वाढवलं. पणजोबा कुठे वारले, कधी वारले, घरात कुणालाच सांगता येत नाही. त्यांचं एक पदक आहे आणि मोडीतलं एक कार्ड आहे, बाकी काही नाही.

मला एवढंच सांगा: सैन्याचं रेकॉर्ड कुठे मिळतं आणि रेल्वेचं कुठे? ऑनलाइन अर्ज आहे का? एका कार्यालयात फोन केला तर "एवढं जुनं काही नसतं" म्हणून फोन ठेवून दिला. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलं आहे त्यांनीच कृपया उत्तर द्या.

लालबागची_चाळ

ताई, कुठली गिरणी? गाव कुठलं? साधारण साल? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

गिरण्यांचे मस्टर (हजेरीपट) आता शोधू नका, त्यातलं फार थोडं उरलं आहे. त्याऐवजी तुमच्या गावाची मुंबईत खोली होती का ते विचारा. कोकणातल्या कितीतरी गावांनी लालबाग, परळ, डिलाईल रोड भागात गावकीची खोली घेतली होती. नवा आलेला चाकरमानी तिथेच वळकटी टाकायचा आणि महिन्याची वर्गणी भरायचा. आमच्या गावच्या मंडळाकडे वर्गणीचं जुनं चोपडं अजून आहे. त्यात माणसाचं नाव, वाडी, वर्गणी, आणि गेला असेल तर "गावी गेला", "लढाईस गेला" असा शेरा असतो. माझ्या आजोबांचा पत्ता मला त्यातच लागला.

शास्त्रीकाठ

गाव संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या काठी. नाव इथे उघड देत नाही. गिरणी परळची, एवढंच माहीत आहे. साल माहीत असतं तर विचारलंच नसतं. आजोबांचा जन्म १९२२ चा, त्यावरून अंदाज करा.

सह्यकडा

मराठा पलटण! बसऱ्याला गेले म्हणजे शंकाच नको. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. तिथल्या कूट गावाच्या वेढ्यात जवळजवळ पाच महिने तग धरला, घोडे कापून खायची वेळ आली, शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' किताब मिळाला. तुमच्या पणजोबांचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या संकेतस्थळावर शोधा.

बेळगावात_वाढलेला

सह्यकडा, वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत लढाईत वारलेल्यांची नावं असतात. ताईंचे पणजोबा परत आले आहेत, त्यांचं नाव तिथे कसं सापडेल? आणि बसऱ्याला गेलेला प्रत्येक जण शिपाई नव्हता.

ताई, पदकाचं वर्णन करा. रंग कुठला? एका बाजूला राजाचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला माणूस आहे का? आता मुख्य गोष्ट. पदक उभं धरा आणि जाडीच्या कडेवर बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. बहुतेक घरांत पदक फ्रेममध्ये बसवलेलं असतं आणि ती कड पिढ्यान् पिढ्या कुणी बघत नाही. आणि ब्रासो लावून घासू नका. अक्षरं झिजतात.

रक्ताचं_नातं

एवढा खटाटोप कशाला? डीएनए चाचणी करा. लाळेचा नमुना पाठवला की दूरचे नातेवाईक जुळतात. मी केली आहे.

लालबागची_चाळ

ते नातेवाईक आधी त्याच कंपनीत नमुना दिलेले असायला हवेत ना? कोकणातल्या किती घरांनी दिला आहे? पैसे जातील आणि हाती फक्त टक्केवारी येईल.

रक्ताचं_नातं

मला तीन चुलत घरं मिळाली. सगळी परदेशात स्थायिक आहेत, पण मिळाली.

शास्त्रीकाठ

डीएनए नको, तो विषय कृपया थांबवा.

फ्रेम खोलून पदक बाहेर काढलं. रंग तांबूस-काळपट आहे. राजा आहे, घोडेस्वार आहे, १९१४ आणि १९१८ असे आकडे आहेत. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. आकडा पुसट आहे. त्यानंतर पणजोबांचं नाव आहे, आणि शेवटी 'लेबर कोअर' असं वाचता येतं. म्हणजे काय? शिपाई नव्हते?

बेळगावात_वाढलेला

हे ब्रिटिश वॉर मेडल आहे. लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचं मिळालं. लेबर कोअर, पोर्टर कोअर आणि सैन्याबरोबरच्या इतर नोकरमाणसांना ब्राँझचं. तुमचं ब्राँझचं आहे, कडेवरची तुकडीही तेच सांगते. म्हणून बेळगावच्या मराठा सेंटरकडे अर्ज करून उपयोग नाही, तिथे पलटणीच्या माणसांचा कागद असतो. लेबर कोअरच्या माणसाची स्वतंत्र फाईल मिळेल या आशेवरही बसू नका.

सह्यकडा

घरात पिढ्यान् पिढ्या लढवय्या म्हणून सांगितलेल्या माणसाला असं एका ओळीत हमाल करून टाकणं मला पटत नाही.

बेळगावात_वाढलेला

यात कमीपणा कसला? बसऱ्याला मोठं जहाज लागेल असा धक्काच नव्हता. तो उभा केला, बोटी उतरवल्या, चिखलात रस्ते केले आणि रूळ टाकत नेले ते याच माणसांनी. बसरा ते नासिरिया, कुर्णा ते अमारा, कूट ते बगदाद असे रेल्वेचे फाटे लढाई चालू असताना पडले. पन्नास अंशांच्या उन्हात. शिपायाला भाकरी याच माणसांमुळे मिळाली.

ताई, मला तर इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा धागा दिसतो. गिरणीतला माणूस परत येऊन गिरणीत न जाता रेल्वेत का गेला? तिकडे रुळांवर किंवा लोकोशेडमध्ये काम शिकला असेल. अंदाज आहे, पण या दिशेने बघा.

निवृत्त_तलाठी

सगळे मुंबई आणि बसरा शोधत आहेत. माणूस वारला की त्याचा कागद गावात तयार होतो. नोकरीत होतो तेव्हाचा अनुभव सांगतो.

जमीन होती का? स्वतःची की खोताची? संगमेश्वर तालुका म्हणजे खोती गावं पुष्कळ. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर, त्यामुळे त्याआधीच्या सातबाऱ्यावर खोताचं नाव दिसलं तर निराश होऊ नका. कूळ म्हणून नाव बोटखतात, म्हणजे खोती गावाच्या जुन्या नोंदवहीत, असू शकतं.

आता खरा कागद म्हणजे वारस फेरफार. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते. त्यात कधी मयत झाला, वारस कोण, कुठे राहतात, सगळं येतं. आजच्या सातबाऱ्यावर जुने फेरफार क्रमांक दिलेले असतात. ते उलटे उलटे मागे न्या. आपले अभिलेख संकेतस्थळावर स्कॅन असेल तर घरबसल्या मिळेल, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, देवरूखला. गावचा जन्म-मृत्यू रजिस्टर, म्हणजे नमुना १४, तोही बघा. पण माणूस बाहेरगावी वारला असेल तर त्यात नसणार.

शाळा विसरू नका. तुमच्या आजोबांचा शाळेतला जनरल रजिस्टर उतारा काढा. 'पूर्वीची शाळा' असा रकाना असतो. मूल आधी बापाजवळ राहिलं असेल तर तिथे दुसऱ्या गावाचं नाव सापडेल.

गोदातीरी

नाशिकला जा. पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की नेमकी वही निघते. आमच्या खापरपणजोबांची सही निघाली.

निवृत्त_तलाठी

वह्या असतात, खरं आहे. पण अस्थी घेऊन किंवा यात्रेला घरातलं कुणी तिथे गेलेलं असलं पाहिजे. यांना माणूस कुठे वारला हेच माहीत नाही.

गोदातीरी

रेल्वेतला माणूस. नाशिकरोडला उतरला नसेल कशावरून? विचारायला काय जातं?

दाखला_हवा

याच विषयाशी संबंधित: १९६७ पूर्वीच्या शाळेच्या नोंदीत कुणबी असेल तर प्रमाणपत्रासाठी पणजोबांपर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर चालते का? जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मोडीतल्या नोंदी टाकल्या आहेत, पण आमचं गाव दिसत नाही.

निवृत्त_तलाठी

चालते, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे ताईंचं काम होऊ द्या.

मोका_मॉरिशस

मी मॉरिशसचा मराठी, सहावी पिढी. तुमचा धागा वाचून राहवलं नाही. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) उसाच्या मळ्यात आले. इथे मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांचे रजिस्टर जपून ठेवले आहेत. प्रत्येक माणसाला नंबर, त्यापुढे जहाज, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. आमच्याकडे माणूस इथे उतरल्यानंतरचा सगळा कागद आहे, पण गावात मागे कोण राहिलं ते कळत नाही. तुमच्याकडे नेमकं उलट आहे. जमलं तर गावात आमच्यासारख्या घरांचीही चौकशी कराल का? व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.

शास्त्रीकाठ

मॉरिशसचे दादा, व्यनि मिळाला, नक्की विचारेन. पण बाकीच्यांना विनंती, मूळ प्रश्नावर या. रेल्वेचं रेकॉर्ड कुठे मिळतं हे अजून कुणीच सांगितलेलं नाही.

घाटातली_गाडी

कुठली रेल्वे? जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) की बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया)? परळला दोघांचेही कारखाने होते, माटुंग्याचा कारखाना जीआयपीचा. जीआयपीची १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. कामगाराचं सर्व्हिस शीट विभागाच्या कार्मिक शाखेत असायचं, पण एवढी जुनी शीटं बहुतेक निकाली काढलेली असतात. तरी माहिती अधिकारात विचारा. मात्र विभाग माहीत हवा. आणि १९३० च्या फेब्रुवारीत जीआयपीत मोठा संप झाला होता, त्यानंतर कितीतरी माणसं कामावरून गेली. संबंध कोणत्या साली तुटला?

मोडीवाचक

मला एक कळत नाही. पहिल्याच पोस्टमध्ये मोडीतलं कार्ड आहे असं लिहिलंय आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही! ताई, दोन्ही बाजूंचे फोटो टाका. उजेड तिरपा ठेवा म्हणजे शाई उठून दिसते.

शास्त्रीकाठ

ते फार पुसट आहे, कुणालाच लागलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. फोटो जोडले आहेत.

मोडीवाचक

लागतंय. अर्धं कार्ड पाण्याने गेलं आहे, जेवढं स्वच्छ आहे तेवढंच देतो.

वर 'श्री', मग 'मु. भुसावळ'. पुढे 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. त्यानंतर 'मनीआर्डर रुपये पांच पाठविली आहे ती पावली अगर कसे ते कळवावे'. खाली 'मुलास शाळेत घालावे'. त्याच्या पुढच्या ओळीत 'कारखाना' एवढा शब्द लागतो. सही तुमच्या पणजोबांचीच असावी, पदकावरचं नाव जुळतं आहे. पत्र तुमच्या आजोबांच्या मामांना दिसतं.

साल नाही. पण कार्डावर छापील अर्धा आणा आणि पंचम जॉर्ज आहे. १९२२ पर्यंत कार्ड पाव आण्याला मिळायचं, आणि पंचम जॉर्ज १९३६ मध्ये वारला. म्हणजे कार्ड साधारण त्या मधल्या काळातलं. 'मुलास शाळेत घालावे' यावरून १९२८ च्या आसपासचं म्हणायला हरकत नाही.

शास्त्रीकाठ

आमच्या घरात कायम एकच ऐकलं: "टाकून गेले, वळून बघितलं नाही." आजोबा शेवटपर्यंत तेच म्हणत होते. हे कार्ड त्यांच्याच ट्रंकेत होतं आणि त्यांना मोडी येत नव्हती. मोडीवाचक, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मला नीट सांगता येणार नाही. खूप आभार.

घाटातली_गाडी

भुसावळ म्हणजे जीआयपी नक्की झालं. लोकोचं मोठं ठाणं. मुंबईहून तिकडे बदल्या होत. माहिती अधिकाराचा अर्ज भुसावळ विभागाला करा, आणि नगरपालिकेचा मृत्यू रजिस्टरही मागा.

लालबागची_चाळ

गावकीच्या खोलीचं मात्र विचाराच. मी अजून त्यावर ठाम आहे.

शास्त्रीकाठ

धागा वर आणते आहे. गावाहून आले. गावकीच्या चोपड्यात नाव मिळालं नाही. १९४० च्या आधीची पानं वाळवीने खाल्ली आहेत. शाळेच्या उताऱ्यात 'पूर्वीची शाळा' रकाना कोरा आहे.

पण देवरूखला फेरफार मिळाला. १९५१ ची नोंद. "खातेदार मौजे भुसावळ येथे सुमारे तीन वर्षांपूर्वी मयत, वारस" असं लिहून दोन नावं आहेत. पहिलं आजोबांचं. दुसऱ्या नावापुढे 'मुलगा, अज्ञान, अ.पा.क. आई' आणि त्या बाईंचं नाव, 'रा. भुसावळ'. आजोबांची आई तर ते तान्हे असतानाच गेली होती. अ.पा.क. म्हणजे काय? आणि ही बाई कोण?

निवृत्त_तलाठी

अज्ञान पालन कर्ता. म्हणजे मुलगा तेव्हा अठराच्या आतला होता आणि त्याच्या वतीने आईचं नाव लागलं. पणजोबांनी भुसावळला दुसरं लग्न केलं होतं, हा कागद तेच सांगतो. तो मुलगा तुमच्या आजोबांचा सावत्र भाऊ. आता असेल तर पंचाहत्तरी ओलांडलेला, फार तर नव्वदीच्या आसपास.

पुढचा प्रश्न: नंतरच्या फेरफारात ते दुसरं नाव कमी झालं आहे का? हक्कसोड पत्र आहे का? ते सापडलं तर त्यावर सही, पत्ता आणि साक्षीदार मिळतील.

सह्यकडा

ताई, जपून. जमिनीत दुसरा वारस निघाला तर भाऊबंदकी सुरू होते. हा कागद असा उघड टाकायला नको होता.

बेळगावात_वाढलेला

त्यांना माणसं शोधायची आहेत, जमीन वाटायची नाही. मात्र त्या घरी एकदम जाऊन धडकू नका, आधी पत्र पाठवा. त्यांच्याही घरात कदाचित अर्धीच गोष्ट माहीत असेल.

शास्त्रीकाठ

जमीन सगळी मिळून काही गुंठे वरकस (हलकी जमीन) आहे, त्यात भांडायला काही नाही. मला त्या काकाआजोबांना भेटायचं आहे. भुसावळचं कुणी आहे का इथे?

तापीकाठ

मी भुसावळचा, वडील लोकोशेडमधून निवृत्त झाले. त्यांच्या पिढीतली माणसं रोज संध्याकाळी भेटतात, विचारून बघतो. पण नुसतं 'भुसावळ' सांगून चालणार नाही. रेल्वे क्वार्टर की गावातली चाळ? आडनाव गावचं लावत होते की मूळचं? आणि फेरफारात त्या मुलाचं पूर्ण नाव काय लिहिलं आहे? व्यनि करा.